रस्त्याने बुजवलेली नदी

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील रेडवुड क्रीक या नदीच्या खोऱ्यात, जेथे शंभर मीटरांहून उंच असे वृक्ष शतकानुशतके प्रवाहाकाठी उभे आहेत, तेथे लाकूड वाहून नेण्यासाठी डोंगरउतार खोदून जे कच्चे रस्ते काढण्यात आले, त्यांचा उपद्रव कुऱ्हाड थांबल्यावरही थांबला नाही. जमिनीत मुरून सावकाश झिरपणारे पाणी उतार कापल्या जागी उघडे पडते आणि गटारांतून गढूळ होऊन थेट ओढ्यात धावते. मोरी पालापाचोळ्याने व ओंडक्यांनी तुंबली, की तेच पाणी भराव फोडून सारी दरड सोबत घेऊन खाली कोसळते. डिसेंबर १९६४ च्या महापुराने अशा उघड्या पडलेल्या उतारांवरून अपार गाळ पात्रात आणून टाकला: डोह भरले, पात्र उथळ होऊन पसरले, काठची सावली हरपल्याने पाणी तापले, आणि ज्या स्वच्छ खडीत सामन मासा अंडी घालतो तिच्या फटी बारीक मातीने बुजून अंड्यांना प्राणवायू मिळेनासा झाला. ही हानी मला सर्वांत दारुण वाटते, कारण ती काठावरून दिसतही नाही.

सन १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने कायद्याने ४८,००० एकर मुलूख, त्यातील बहुतांश तोड झालेला, रेडवुड राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत घेतला आणि जुने रस्ते उकरून, मोऱ्या काढून, भरावाची माती मूळ उतारावर परत नेण्याचे काम हाती घेतले. ते अद्याप पुरे झालेले नाही.