एक आराखडा, अनेक पाने

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे शेजारी-शेजारी उघडून पाहा. मजकूर वेगळा, पण मांडणी सारखीच! राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुरवलेल्या एकाच चौकटीवर ती उभी आहेत.

२००५ साली खुल्या झालेल्या ‘जँगो’सारख्या पायथॉन भाषेतील चौकटीत आज्ञावली लिहितानाही हीच युक्ती चालते. इथे ‘वर्ग’ म्हणजे शाळेतला नव्हे, तर वस्तू घडवण्याचा आराखडा. साच्यात माहिती भरून पान पाठवणे हे समाईक काम ‘अमूर्त मूळ वर्गा’त एकदाच लिहितात. ‘कोणता साचा? कोणती माहिती?’ या जागा रिकाम्या ठेवतात. त्या प्रत्येक पानाचा उपवर्ग भरतो. सक्तीची जागा रिकामी राहिली, तर पायथॉन वस्तू घडवायलाच नकार देते.

मूळ वर्गातली एक दुरुस्ती सर्व पानांना लाभते; पण एक चूकही सर्वत्र पोचते. म्हणून मूळ वर्ग तपासावा दोनदा!