फिलिपिनो चित्रकलेतील धार्मिक प्रतिमा आणि सामान्य जनजीवन

प्रस्तावना :
फिलिपिन्स हा आशियातील प्रमुख कॅथलिकबहुल देश होय. १५२१ मध्ये मॅगेलन सेबू बेटावर उतरला, तेव्हा तेथील राणीला बाळ येशूची मूर्ती भेट देण्यात आली. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनची सत्ता होती. या काळात धर्माबरोबर त्याची दृश्यभाषाही आयात झाली. मनिलातील कियापो येथील श्यामवर्णी येशूची मूर्ती लोकप्रिय असली, तरी तीही मेक्सिकोतून आलेली होती. बहुतांश प्रतिमांतील मरिया व संत गौरवर्णी, युरोपीय चेहऱ्याचे राहिले. भक्त मात्र भातशेतीत राबणारे आणि मासेमारी करणारे होते. पूज्य प्रतिमा आणि पूजक यांच्यातील हे अंतर विसाव्या शतकातील चित्रकारांनी कसे हाताळले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्ण आणि वेश :
१९२८ मध्ये व्हिक्टोरिओ एडाडेस यांच्या मनिलातील प्रदर्शनाने आधुनिक कलेच्या वादाला तोंड फुटले. त्यांचे सहकारी गालो ओकाम्पो यांनी १९३८ मध्ये ‘ब्राउन मॅडोना’ हे चित्र रंगविले. त्यातील मरिया सावळ्या वर्णाची, स्थानिक पोशाखातील स्त्री आहे. पार्श्वभूमीला उष्ण कटिबंधातील झाडोरा आणि गावाकडची झोपडी दिसते. अमेरिकेच्या अमलाखालील देशात पवित्रतेचा गोऱ्या वर्णाशी जोडलेला संबंध नाकारणे, ही केवळ शैलीची बाब नव्हती. तथापि या चित्रातील ग्रामजीवन शांत व तृप्त आहे. तेथे अभावाला स्थान नाही.

वस्तीतील माता :
१९४५ च्या मनिलाच्या लढाईत शहर उद्ध्वस्त झाले. मृत नागरिकांची संख्या सुमारे १,००,००० असल्याचा अंदाज आहे. युद्धोत्तर काळात खेड्यांतून आलेल्या कुटुंबांनी शहरात पत्र्या-फळ्यांच्या वस्त्या उभारल्या. व्हिसेंते मानान्साला (१९१०–१९८१) यांचे ‘मॅडोना ऑफ द स्लम्स’ हे १९५० चे चित्र या वास्तवातून आलेले आहे. मुलाला कवटाळून बसलेली आई ही मरियेची परिचित रचना असली, तरी मागे झोपड्यांची दाटी आहे. ओकाम्पो यांनी मरियेचा वर्ण बदलला. मानान्साला यांनी तिचा पत्ता बदलला. परिणामी प्रेक्षकाच्या श्रद्धेबरोबर त्याची सामाजिक जबाबदारीही प्रश्नांकित होते.

कारखान्यातील प्रार्थनामंदिर :
नेग्रोस बेटावरील व्हिक्टोरियास येथे साखर कामगारांसाठी प्रार्थनामंदिर बांधण्यात आले. वास्तुरचनाकार अँटोनिन रेमंड हे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील ‘गोलकोंड’ या वास्तूचेही रचनाकार होत. १९५० मध्ये आल्फोन्सो ओसोरिओ यांनी तेथे अंतिम न्यायाचे भित्तिचित्र रंगविले. विस्फारलेल्या डोळ्यांचा, ज्वलंत हृदयाचा हा येशू ‘अँग्री क्राइस्ट’ या नावाने ओळखला जातो. आदे बेथ्यून यांच्या मोझाइकमधील पवित्र व्यक्ती स्थानिक वर्ण-वेशातील आहेत. ओसोरिओ कारखानदार कुटुंबातील होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. मालकाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या मंदिरात न्यायनिवाडा करणारा येशू मालक आणि मजूर या दोघांकडेही रोखून पाहतो. कलाकृतीचा अर्थ आश्रयदात्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

गोव्याचा संदर्भ :
गोव्यात जन्मलेले व पुण्यातील आश्रमात दीर्घकाळ राहिलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसविली, तेव्हा त्यांनाही टीका सहन करावी लागली. वसाहतवादाच्या छायेत प्रतिमेचे देशीकरण आशियात अनेक ठिकाणी घडत होते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
देशीकरणाच्या या प्रक्रियेत दोन पातळ्या संभवतात. पहिलीत प्रतिमेचा वर्ण, वेश व परिसर बदलतो. दुसरीत प्रतिमा लोकांच्या प्रत्यक्ष परिस्थितीत उतरते. पहिली पातळी आत्मसन्मान देते, परंतु तेथेच थांबल्यास ती शोभेची वस्तू ठरण्याचा धोका असतो. दुसरी पातळी अस्वस्थ करते. कोणत्याही धर्मपरंपरेतील ‘देशी’ कलेचे अध्यापन करताना केवळ वेशभूषेची नोंद न घेता, ही प्रतिमा कोणाच्या घरात उभी आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.