माळढोक शिवारात दिसल्यास काय करावे?

गडचांदूर-कोरपना पट्ट्यातील कापूस, सोयाबीन व तुरीच्या शेतात मोर-लांडोर नेहमीच दिसतात. याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावती भागात माळढोकाच्याही नोंदी झाल्या आहेत आणि त्या शेतशिवारातल्या आहेत. त्यामुळे हा पक्षी जपणे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हाती आहे.

ओळख
उंची सुमारे १ मीटर. नराचे वजन ८ ते १५ किलो, मादी बरीच हलकी. मान लांब व पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी. लांडोरीसारखी मानेवर हिरवी झाक नसते. पायाला मागचे बोट नसल्याने माळढोक झाडावर बसू शकत नाही. झाडावर बसलेला पक्षी माळढोक नव्हे.

क्षमता व स्वभाव
पक्षी लाजाळू आहे. माणूस दिसला की मान ताठ करून दूर चालत जातो किंवा दबून बसतो. जड असूनही लांब उडतो. पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे कमी दिसते. वीजतार दिसली तरी वजनामुळे चटकन वळता येत नाही. म्हणून तारांना धडकून अनेक माळढोक मरतात.

नाकतोडे, भुंगे, अळ्या, सरडे व धान्य हे त्याचे खाद्य. पावसाळ्याच्या सुमारास मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते व सुमारे २७ दिवस उबवते. नेमकी तेव्हाच आपली डवरणी व फवारणी सुरू असते.

काय करावे?
- अंडे दिसल्यास हात लावू नये. तेवढा तुकडा डवरणीतून सोडावा.
- त्या भागात कीटकनाशक फवारू नये. कुत्री व गुरे दूर ठेवावीत.
- फोटोसाठी पाठलाग करू नये. मादी उठली की अंडे उघडे पडते.
- वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

'माळढोक दिसला म्हणजे जमीन गेली' या भीतीने काही जण माहिती लपवतात. सोलापूरकडे अभयारण्याच्या मोठ्या हद्दीमुळे शेतकऱ्यांना त्रास झाला, हे खरे. मात्र नुसत्या नोंदीने सातबारा बदलत नाही. अभयारण्यासाठी स्वतंत्र कायदेशीर प्रक्रिया लागते. उलट, शिकार करणे किंवा अंडी उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गंभीर गुन्हा आहे.

देशात जंगली अवस्थेतील माळढोक आता दोनशेही उरलेले नाहीत. त्यामुळे आपल्या बांधालगतचे एक अंडेही मोलाचे आहे.