राज्य नसलेल्या भाषेचे लेखक

भाषेची प्रतिष्ठा कोण ठरवतो? ती बोलणारी माणसे की सत्ता? दोन महायुद्धांच्या दरम्यान परागंदा होऊन जगलेल्या यिडिश लेखकांची हकिगत वाचताना हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची, शिंप्या-चांभारांची, फेरीवाल्यांची घरची भाषा. लिपी हिब्रू, बांधणी जर्मन वळणाची. धर्मपंडितांना हिब्रू पवित्र. जर्मन शिकलेले प्रतिष्ठित ज्यू तर यिडिशला 'जार्गन' म्हणून हिणवीत. १९०८ साली चेर्नोविट्झच्या परिषदेने तिला ज्यू जनतेची एक राष्ट्रीय भाषा म्हणून जाहीर केले. पण तिच्या पाठीशी एकही राज्य नव्हते.

रशियन क्रांतीनंतरच्या यादवीत युक्रेनमध्ये हजारो ज्यूंची कत्तल झाली. त्या काळात कोणी जीव वाचवून, कोणी नव्या जगाच्या ओढीने बर्लिनला आले. डेव्हिड बर्गेलसन, 'देर निस्टर' या टोपणनावाने लिहिणारे पिन्खस काहानोविच आणि कवी मोइशे कुलबाक हे त्यांपैकीच. जर्मन मार्क कोसळल्याने परकीय चलन असणाऱ्यास तेथे छपाई स्वस्त पडे. १९२२ साली 'मिलग्रोयम', म्हणजे डाळिंब, हे देखणे नियतकालिक निघाले. वॉर्सात 'अल्बाट्रॉस'चा अंक जप्त झाला, तेव्हा उरी झ्वी ग्रीनबर्ग यांनी १९२३ साली पुढचा अंक बर्लिनमधून काढला. हिणवलेल्या भाषेतच ही मंडळी नव्या धाटणीचे साहित्य घडवीत होती.

परंतु बर्लिनमध्ये त्यांना वाचक नव्हता. ग्रीनबर्ग पॅलेस्टाईनला गेले आणि प्रामुख्याने हिब्रूत लिहू लागले. न्यूयॉर्कमध्ये वाचक होते, पण त्यांची मुले इंग्रजीकडे वळत होती. १९२६ साली बर्गेलसन यांनी न्यूयॉर्क, वॉर्सा आणि मॉस्को यांची तुलना करून मॉस्कोला कौल दिला. तो वेडेपणा नव्हता. सोव्हिएत राज्य तेव्हा यिडिश शाळा, वृत्तपत्रे, नाटकगृहे सरकारी खर्चाने चालवीत होते. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. १९३४ साली बर्गेलसन सोव्हिएत देशात कायमचे परतले.

पुढे काय झाले? कुलबाक यांना १९३७ साली गोळ्या घातल्या गेल्या. देर निस्टर १९५० साली श्रमछावणीत मेले. १२ ऑगस्ट १९५२ रोजी, अडुसष्टाव्या वाढदिवशी, बर्गेलसन यांना इतर यिडिश लेखकांसह ठार मारण्यात आले. १९५५ साली त्याच राज्याने ते निर्दोष असल्याचे मान्य केले. तोवर त्यांचा बहुसंख्य वाचक नाझींच्या हातून संपला होता.

बर्गेलसन चुकले, असे आज म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. समोरच्या प्रत्येक दाराने काहीतरी हिरावूनच घेतले असते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मेहेरबानी म्हणून मिळालेला छापखाना एका हुकुमाने बंद होतो. मॉस्कोचे यिडिश प्रकाशनगृह १९४८ साली असेच बंद झाले. भाषेला आश्रय नव्हे, हक्क लागतो.