संकेतस्थळाची उद्घाटनपूर्व प्रसिद्धी

संकेतस्थळाची उद्घाटनपूर्व प्रसिद्धी म्हणजे एखादे नवे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले होण्याआधी त्याच्या संभाव्य वाचकांना, ग्राहकांना किंवा सभासदांना त्याची ओळख करून देणे आणि उद्घाटनाच्या दिवसापासून तेथे वर्दळ राहील अशी तजवीज करणे. प्रतीक्षापृष्ठ, ईमेल पत्त्यांची यादी, निमंत्रणपद्धती, चाचणी आवृत्ती आणि आधीपासून केलेले नियमित लेखन ही तिची प्रमुख साधने होत. महाजालावर नवे पान खुले केल्याने वाचक आपोआप येत नाही. ते पान अस्तित्वात आहे हे शोधयंत्राला आणि माणसांना कोणीतरी कळवावे लागते, आणि या कळवण्याला वेळ लागतो.

पूर्वपीठिका

वस्तू हाती येण्याआधी ग्राहक जमवण्याची रीत महाजालापेक्षा पुष्कळ जुनी आहे. मराठी ग्रंथव्यवहारात 'प्रकाशनपूर्व सवलत' हा शब्दप्रयोग रूढ आहे. मोठ्या ग्रंथाचा छपाईखर्च आगाऊ मागणीतून काही अंशी उभा राहतो, आणि किती प्रती काढाव्यात याचाही अंदाज येतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी याच मार्गाने वर्गणीदार जमवले होते. त्या काळी त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे.

संकेतस्थळाच्या बाबतीत यात एक भर पडते. छापील ग्रंथ एकाच वाचकालाही पूर्ण असतो. चर्चेचे, प्रश्नोत्तरांचे किंवा खरेदीविक्रीचे संकेतस्थळ मात्र माणसांवाचून निरुपयोगी ठरते. पहिल्या दिवशी आलेल्या वाचकाला तेथे एकही प्रश्न, एकही उत्तर दिसले नाही, तर तो सहसा परत फिरकत नाही. अशा संकेतस्थळांना उद्घाटनाआधीच थोडी वस्ती वसवावी लागते. 'रेडिट' हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याच्या संस्थापकांनी वेगवेगळ्या काल्पनिक सभासदनामांनी स्वतःच दुवे टाकले होते, असे सहसंस्थापक स्टीव्ह हफमन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. युक्ती लागू पडली, तरी वाचकाची ती दिशाभूलच होती.

याहून अनुकरणीय उदाहरण 'स्टॅक ओव्हरफ्लो' या संगणकप्रणालीविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचे आहे. त्याचे संस्थापक जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की हे दोघेही वर्षानुवर्षे या विषयावर महाजालावर लिहीत होते आणि त्यांना स्वतःचा वाचकवर्ग होता. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी संकल्पित संकेतस्थळाविषयीच्या आपल्या चर्चा ध्वनिमुद्रित करून प्रसृत करण्यास आरंभ केला. संकेतस्थळाचे नावदेखील वाचकांच्या मतदानातून ठरले. त्यानंतर निवडक लोकांसाठी चाचणी आवृत्ती सुरू झाली, आणि सप्टेंबर २००८ मध्ये दरवाजे सर्वांना खुले झाले तेव्हा आत खऱ्या माणसांनी विचारलेले खरे प्रश्न आणि त्यांची उत्तरे आधीच होती. या उदाहरणात जाहिरातीचा भाग जवळजवळ नाही. विषयाचा अधिकार आणि वाचकांशी जुना संबंध हेच येथील भांडवल होते.

प्रतीक्षापृष्ठ

संकेतनाव नोंदवल्यावर मूळ संकेतस्थळ तयार होईपर्यंत तेथे एकच पान ठेवले जाते, त्यास प्रतीक्षापृष्ठ म्हणतात. त्यावर संकेतस्थळ कशासाठी आहे याचे एका-दोन वाक्यांतील निवेदन, उद्घाटनाचा अंदाजे काळ आणि ईमेल पत्ता नोंदवण्याची सोय असते. 'लवकरच येत आहे' एवढेच लिहिलेले पान फारसे उपयोगी पडत नाही. काय येत आहे हेच त्यातून कळत नाही, मग पत्ता द्यावा कोणी?

चित्रफीत हे या पानाचे प्रभावी साधन ठरू शकते. धारिका साठवण्याची सेवा देणाऱ्या 'ड्रॉपबॉक्स'चे संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी सेवा खुली होण्याआधी तिचे प्रात्यक्षिक दाखवणारी छोटी चित्रफीत प्रसृत केली. २००८ मध्ये 'डिग' या संकेतस्थळावर ती पोचली, आणि प्रतीक्षायादीतील नावे एका रात्रीत सुमारे ५,००० वरून ७५,००० वर गेली, असे ह्यूस्टन यांनी सांगितले आहे. त्या चित्रफितीत 'डिग'च्या वाचकांनाच उमगतील असे विनोद मुद्दाम पेरलेले होते. याच कंपनीने पुढे शोधयंत्रावर जाहिराती देऊन पाहिल्या, तेव्हा वर्षाला ९९ डॉलरच्या सेवेसाठी दर ग्राहकामागे २०० डॉलरहून अधिक खर्च येऊ लागला. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की योग्य वाचक कोठे बसतो हे ओळखण्याचे मोल ध्यानात येते.

निमंत्रणपद्धती

गूगलने १ एप्रिल २००४ रोजी 'जीमेल' ही सेवा जाहीर केली ती केवळ निमंत्रितांसाठी. इतर मोफत सेवा जेमतेम काही मेगाबाइट जागा देत असताना येथे एक गिगाबाइट जागा मिळत होती. प्रत्येक सभासदाला मोजकी निमंत्रणे वाटता येत. ती मिळवण्यासाठी इतकी चढाओढ लागली की काही निमंत्रणे लिलावाच्या संकेतस्थळांवर विकली गेली. सर्वांसाठी मुक्त नोंदणी फेब्रुवारी २००७ मध्ये सुरू झाली. मर्यादा घालण्यामागे तांत्रिक कारणही होते. इतकी साठवणक्षमता एकदम लाखो लोकांना देण्याइतकी यंत्रसामग्री आरंभी उपलब्ध नव्हती.

हाच प्रयोग त्याच कंपनीने 'गूगल वेव्ह' या सहलेखनाच्या सेवेसाठी २००९ मध्ये केला आणि तो फसला. फसण्याचे कारण शिकण्यासारखे आहे. जीमेलचा सभासद कोणत्याही ईमेल पत्त्यावर पत्र पाठवू शकत होता, त्यामुळे एकट्यालाही ती सेवा पूर्ण उपयोगी होती. वेव्हचे तसे नव्हते. ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांनाही निमंत्रण असणे आवश्यक होते, आणि ते नसल्याने आत आलेला माणूस रिकाम्या खोलीत बसून राहिला. ऑगस्ट २०१० मध्ये या सेवेचा विकास थांबवल्याचे गूगलने जाहीर केले. दुर्मिळतेने उत्सुकता वाढते खरी, पण जेथे सोबतीशिवाय काम चालत नाही तेथे निमंत्रणे व्यक्तींना न देता संपूर्ण गटांना, उदाहरणार्थ एखाद्या वर्गाला किंवा मंडळाला, देणे श्रेयस्कर.

निमंत्रणाचेच दुसरे रूप म्हणजे शिफारसपद्धती. 'हॅरीज' या अमेरिकी दाढीसाहित्याच्या कंपनीने २०१३ मध्ये संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी नाव नोंदवणाऱ्यास एक स्वतंत्र दुवा दिला. त्या दुव्यावरून पाच मित्रांनी नोंदणी केल्यास एक बक्षीस, दहांनी केल्यास त्याहून मोठे, अशी पन्नास जणांपर्यंत चढती मांडणी होती. आठवड्याभरात सुमारे एक लाख पत्ते जमले, असे कंपनीने म्हटले आहे. बक्षीस विकायच्या वस्तूशीच निगडित असल्याने तिचे संभाव्य ग्राहकच पुढे आले. बक्षीस म्हणून फोन किंवा रोख रक्कम ठेवली असती, तर बक्षिसासाठी आलेल्यांनी यादी फुगली असती.

शोधयंत्रे आणि मराठी मजकूर

नव्या संकेतनावाची शोधयंत्राला कोणतीच पूर्वओळख नसते. त्याची पाने वाचली जाऊन सूचीत येण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. त्यामुळे मूळ विषयावरील पाच-दहा चांगले लेख उद्घाटनाच्या महिना-दोन महिने आधीच खुले करणे हितावह ठरते. काम चालू असताना अर्धवट पाने सूचीत येऊ नयेत म्हणून 'सूचीत घेऊ नये' अशी खूण घातली जाते. उद्घाटनाच्या दिवशी ती काढण्याचे राहून जाणे ही या क्षेत्रातील सर्वपरिचित चूक आहे. सारी प्रसिद्धी होते आणि शोधयंत्र मात्र आज्ञाधारकपणे पाठ फिरवून उभे असते.

मराठी संकेतस्थळांना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टमध्ये साठवला जाई. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, पण त्यामागचे सांकेतांक रोमन अक्षरांचे असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याचा अर्थहीन गुंताडा उमटे, आणि शोधयंत्रालाही तो गुंताडाच दिसे. छपाईसाठी अक्षरजुळणी केलेला जुना मजकूर आजही अनेक संस्थांकडे अशाच रूपात पडून आहे. तो युनिकोडमध्ये परिवर्तित केल्याखेरीज महाजालावर ठेवणे म्हणजे ग्रंथ कुलूपबंद कपाटात ठेवून किल्ली हरवणे होय. परिवर्तनानंतर मुद्रितशोधन अपरिहार्य असते, कारण जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात. शिवाय 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतील अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. संकेतस्थळाच्या अंतर्गत शोधसुविधेने ही दोन्ही रूपे एक मानावीत अशी व्यवस्था आधीच करावी लागते.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नही आहेच. पुष्कळसे मराठी वाचक शोध घेताना रोमन लिपीत किंवा प्रमाण लेखनाची फिकीर न करता शब्द लिहितात. म्हणून संकेतस्थळाचे नाव एकदा ऐकून बिनचूक लिहिता येईल असे असावे. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' या देवनागरी प्रत्ययाने संकेतनावे नोंदवता येतात. मात्र बरेच जण संगणकावर पत्ता रोमन कळफलकाने लिहीत असल्याने, देवनागरी नावासोबत रोमन नावही घेऊन ठेवणे व्यवहार्य ठरते.

यादीचे व्यवस्थापन आणि कायदा

जमलेल्या पत्त्यांवर सहा महिने काहीच न पाठवता उद्घाटनाच्या दिवशी एकदम हजारो पत्रे धाडली, तर दोन गोष्टी घडतात. वाचक आपण कोठे नाव दिले होते हे विसरलेला असतो, आणि ईमेल सेवा अनोळखी संकेतनावावरून आलेला हा लोंढा संशयास्पद मानून थेट नकोशा पत्रांच्या कप्प्यात टाकतात. त्यामुळे अधूनमधून थोडी पत्रे पाठवून ओळख टिकवणे आवश्यक असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांस प्रेषकाची ओळख पटवणारी तांत्रिक व्यवस्था आणि एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय बंधनकारक केली आहे.

ईमेल पत्ता ही व्यक्तिगत माहिती आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार संमती स्वेच्छेची, विशिष्ट हेतूपुरती आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे लागते. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती अभिप्रेत आहे. शालेय विद्यार्थ्यांसाठी संकेतस्थळ काढणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. विकत घेतलेल्या याद्या या तरतुदींत बसणे कठीण, आणि त्यांतून वाचक मिळण्याची आशाही व्यर्थ असते. पत्ता नोंदवल्यावर खात्रीचे पत्र पाठवून त्यातील दुवा उघडल्यानंतरच नाव यादीत घेण्याची पद्धत संख्या थोडी घटवते, पण उरलेली यादी खरी असते.

अपेक्षाभंग

प्रसिद्धी यशस्वी होणे हाही धोका ठरू शकतो. २८ जुलै २००८ रोजी 'कुइल' हे शोधयंत्र मोठा गाजावाजा करून खुले झाले. गूगलमध्ये पूर्वी काम केलेले तज्ज्ञ त्यामागे होते आणि १२० अब्ज पानांची सूची असल्याचा दावा होता. पहिल्याच दिवशी भार न पेलल्याने ते अडखळले, आणि जे शोधनिकाल मिळाले तेही अनेकदा असंबद्ध निघाले. त्या दिवशी निराश होऊन गेलेला वाचक पुन्हा आला नाही. २०१० मध्ये ते बंद पडले.

अमेरिकेचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे आरोग्यविम्याचे शासकीय संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले. देशभर गाजलेल्या या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेले लोक केवळ सहा होते, असे नंतर उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. विम्याची निकड असलेल्या माणसांना याचा फटका बसला. भारतात २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील नागरिकांची लसनोंदणी सुरू होताच 'कोविन' संकेतस्थळावरही आरंभी अडचणी आल्या, पण त्या लवकर दूर होऊन त्याच दिवशी एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या.

म्हणून प्रतीक्षायादीचा दुसरा, कमी बोलला जाणारा उपयोग असा की तिच्या आधारे सर्व्हरवरील संभाव्य भाराचा अंदाज बांधता येतो, आणि यादीतील लोकांना टप्प्याटप्प्याने आत घेऊन तो भार विभागता येतो. मात्र विलंबालाही मर्यादा असते. जे. के. रोलिंग यांच्या 'पॉटरमोर' या संकेतस्थळाची घोषणा जून २०११ मध्ये झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते सर्वांना खुले व्हायचे होते. प्रत्यक्षात त्याला एप्रिल २०१२ उजाडला. हॅरी पॉटरचे वाचक थांबले. नवख्या संकेतस्थळासाठी कोणी इतके थांबत नाही, त्यामुळे पहिली घोषणा आणि उद्घाटन यांत काही आठवड्यांचे, फार तर दोन-तीन महिन्यांचे अंतर ठेवणे सोयीचे पडते.