उसाच्या फडातून सभेला हजर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचा आवाज बसतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, कुठलाही तालुका घ्या. ट्रकमध्ये भांडीकुंडी, बाजरीचं पीठ, एखादी शेळी, झोपेतली लेकरं, आणि गाडी सुटते ती कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं, नाहीतर थेट कर्नाटकात. ऊसतोडीला गेलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडं 'कोयता' म्हणतात. हे कोयते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. तोवर गावात घरांना कुलपं आणि ओट्यांवर म्हातारी माणसं.

आता समजा, अशा एका गावात बारा बायकांचा बचत गट आहे. बचत गटाची पंचसूत्री गटातल्या प्रत्येकीला पाठ असते आणि तिचं पहिलंच सूत्र आहे नियमित बैठक. बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब हे सगळं त्याच्या मागून. पण बाराजणींपैकी चौघी गावात आहेत, तिघी कोल्हापूरकडच्या एका फडावर, दोघी सोलापूर जिल्ह्यात, दोघी कर्नाटकात आणि एक लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात. मंगळवारची बैठक कशी घ्यायची?

२०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, हाच प्रश्न जगभरच्या कचेऱ्यांना एकदम पडला. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरच्या सभांना दिवसाला सुमारे एक कोटी हजेऱ्या लागत होत्या, एप्रिल २०२० मध्ये तो आकडा तीस कोटींवर गेला. कुठलं ॲप चांगलं, याच्या याद्या तेव्हापासून छापून येतात. त्या बहुतेक याद्यांनी गृहीत धरलेलं असतं की टेबल आहे, लॅपटॉप आहे, घरात वायफाय आहे. मला वाटतं, या साधनांची खरी परीक्षा आपल्या बारा बायकांचा गटच घेतो. फडावर रेंज एका दांडीची, फोन दोघांत एक, आणि पहाटेपासून मोळ्या बांधून हात भरून आलेले. जे साधन इथं चालेल ते कुठंही चालेल. म्हणून निवड करताना सुरुवात सगळ्यात कमी रेंज असलेल्या बाईपासून करायची.

आणि त्या एका दांडीच्या रेंजमधून आवाज येतो कसा, हे कळलं की माणूस थक्क होतो.

इंटरनेटवरून बोलताना फोन आपल्या बोलण्याचे तुकडे करतो. एक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाचे ५० तुकडे. 'नमस्कार' म्हणेपर्यंत वीस-तीस तुकडे रवाना झालेले असतात. प्रत्येक तुकड्याची एक चिठ्ठी होते आणि प्रत्येक चिठ्ठी टॉवर, तारा, संगणक ओलांडत आपली आपण जाते. सेकंदाला २४ हजार बिट या बेतानं आवाज पाठवला, तर एका चिठ्ठीतला मजकूर भरतो फक्त ६० बाइट. संगणकात मराठीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे वीस चिन्हांची जागा. एका तुटक्या ओळीएवढ्या जागेत आवाजातला कंप, दम लागलेला, हसू दाबलेलं, सगळं बसतं. वर पत्त्यासाठी ४० बाइट वेगळे. पाकीटच पत्राच्या दोन-तृतीयांश जड!

हे कसं साधतं? घसा आणि तोंड ही एक नळी आहे असं गणित मांडायचं. ती नळी या क्षणी किती आवळलेली आहे, मागून हवेचा धक्का किती जोराचा आणि कुठल्या पट्टीचा आहे, एवढं टिपायचं आणि पाठवायचं. थोडक्यात, पदार्थ घरीच राहतो आणि पलीकडं जाते ती त्याची कृती. पलीकडचा फोन ती वाचून तुमचा आवाज तिथल्या तिथं शिजवतो. ओपस नावाची अशी एक पद्धत २०१२ साली खुल्या मानकाच्या रूपात आली. कुणीही फुकट वापरावी. व्हॉट्सॲपवर आपण सोडतो ते आवाजी मेसेज याच पद्धतीनं साठवलेले असतात.

वाटेत चिठ्ठ्या हरवतात. वारा सुटला, टॉवरवर गर्दी झाली, ट्रॉली मध्ये आली, कारण काहीही असो. फोन हरवलेल्या चिठ्ठीची वाट पाहत बसत नाही, कारण उशिरा आलेला शब्द बोलण्यात उपयोगाचा नसतो. तो आधीच्या तुकड्यांवरून अंदाज बांधून भोक बुजवतो. ओपसमध्ये तर आणखी एक सोय आहे. रेंज कच्ची दिसली की प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात आधीच्या चिठ्ठीचा गोषवारा लिहून पाठवता येतो. एक हरवली तरी दुसरी तिची खबर घेऊन येते. गावाकडं निरोप दोघांकडून धाडायची रीत होती, त्यातलाच हा प्रकार.

तरी मध्येच दोघीजणी एकदम बोलतात, मग दोघी एकदम गप्प होतात, मग पुन्हा एकदम 'तू बोल, तू बोल'. हे कुणाच्या अडाणीपणानं होत नाही. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर असतं, असं त्यात दिसलं. पापणी लवायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आपलं अख्खं संभाषण या इवल्या फटीवर तोललेलं आहे. म्हणून आवाज एका बाजूनं दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. कॉलला त्याहून जास्त उशीर लागला की फट भरून जाते आणि माणसं एकमेकांवर आदळतात.

उशीर अंतरामुळं होतो असं आपल्याला वाटतं. तसं फारसं नसतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बीड ते मुंबई रस्त्यानं चारेकशे किलोमीटर, प्रकाशाला त्याला दोन मिलिसेकंद पुरतात. ज्या बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, तिथून मुंबईला शब्द असा जातो. वेळ खर्च होतो तो टॉवरच्या रांगेत, आणि फोनमध्ये उलटसुलट आलेल्या चिठ्ठ्या ओळीनं लावण्यात. (भूस्थिर उपग्रहावरून बोलताना मात्र अंतर खरंच नडतं. ३६ हजार किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, त्यातच पाव सेकंद जातो.) यावर ॲप बदलण्यापेक्षा साधा उपाय आहे. बैठकीत अध्यक्षबाईंनी नाव पुकारून एकेकीला बोलायला सांगायचं. ज्या फटीचा आधार गेला, तिची जागा नावाची हाक घेते.

बाराजणी एकत्र बोलायच्या तर गणित बदलतं. प्रत्येकीचा फोन थेट प्रत्येकीच्या फोनला जोडला तर ६६ जोडण्या होतात आणि प्रत्येक फोनला आपला आवाज अकरा वेळा पाठवावा लागतो. चित्रासकट म्हणाल तर बोलायलाच नको. म्हणून मोठ्या सभांच्या साधनांत मध्ये एक संगणक बसवलेला असतो. तो पंगतीतल्या वाढप्यासारखा. पंगतीत बसलेली प्रत्येकजण उठून सगळ्यांच्या पानात वाढत नाही. आपला पदार्थ वाढप्याकडं दिला की तो सगळ्या पानांत नेतो. हा वाढपी हुशारही आहे. तुमचा फोन आपलं चित्र दोन-तीन आकारांत त्याच्याकडं देतो, आणि ज्या पानात जागा कमी तिथं तो लहान आकाराचं वाढतो. पुण्यातल्या बाईला तुमचा चेहरा स्वच्छ दिसतो आणि त्याच क्षणी फडावरच्या बाईला टपाल तिकिटाएवढा.

चित्राची किंमत मात्र जबर आहे. नुसता आवाज, पाकिटासकट, तासाला एका दिशेनं साधारण १८ एमबी घेतो. बऱ्यापैकी चित्र त्याच तासाला सव्वादोनशे एमबी खातं, वर जास्तच. दिवसाच्या दीड जीबीतून लेकराची शाळेची क्लिप पाहायची असेल तर हा फरक फार मोठा आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की बैठक आवाजावर घ्यावी आणि कॅमेरा सुरुवातीच्या दोन मिनिटांपुरता उघडावा. त्या दोन मिनिटांची किंमत मात्र करू नये. दसऱ्यानंतर पहिल्यांदा एकमेकींची तोंडं दिसणं ही चैन नव्हे.

मग साधन कुठलं? पाच-सहाजणी असतील तर साध्या फोनवरचा कॉन्फरन्स कॉल आजही सगळ्यात भरवशाचा आहे. एकीला लावायचा, दुसरीला लावायचा आणि 'मर्ज' करायचं. आपल्यासकट सहाजणी त्यात बसतात. नेट लागत नाही, बटणांच्या फोनवर चालतो, टूजीवरही चालतो. ज्याला आपण जुनं म्हणतो त्याची ही ताकद विसरू नये. बाराजणींसाठी व्हॉट्सॲपचा ग्रुप कॉल सरळ आहे. २०१८ साली तो सुरू झाला तेव्हा चौघंच बसायचे, आता ३२ बसतात. कुणाला लिंक उघडा, खातं काढा असं शिकवावं लागत नाही, हीच त्याची मोठी बाजू. झूमच्या फुकट सभेला आज ४० मिनिटांची मर्यादा आहे, गूगल मीटला ६० मिनिटांची. ग्रामसंघ-प्रभागसंघाची मोठी बैठक, कागद दाखवून समजावणं, अनोळखी पाहुण्यांना बोलावणं यासाठी ती बरी. जिट्सी हे खुलं साधन २००३ साली फ्रान्समध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून निघालं. त्यात संगणकावरच्या ब्राउझरमध्ये लिंक उघडून सभेत बसता येतं, आणि एखाद्या संस्थेला ते स्वतःच्या संगणकावरही चालवता येतं.

शिकवणीसाठी वेगळाच घाट लागतो. पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीनच तालुक्यांत झाली, त्यात आपलं अंबाजोगाई होतं. त्याच संस्थेच्या डिजिटल शेतीशाळेत आता तज्ज्ञ पडद्यावरून बोलतात आणि शेतकरी गावागावातून ऐकतात. एकानं बोलायचं आणि हजारांनी ऐकायचं असेल तर थेट प्रक्षेपण बरं. तिथं दहा-वीस सेकंदांचा उशीर कुणाला बोचत नाही, म्हणून हरवलेली चिठ्ठी पुन्हा मागवायला सवड मिळते आणि चित्र स्वच्छ दिसतं. गावातल्या चौघींनी एका फोनभोवती बसून ते पाहिलं तरी चालतं.

पण सगळ्यांनी एकाच वेळी हजर असलंच पाहिजे का? कारखान्याची गाडी रात्री भरायची असेल तर फडावरची बाई मंगळवारी आठ वाजता मोकळी नसते. तिच्यासाठी आवाजी मेसेजसारखं साधन नाही. हिशेबाच्या वहीचं पान फोटो काढून ग्रुपवर टाकायचं आणि खाली दोन मिनिटं बोलून ठेवायचं. कर्ज कुणाला, किती, हप्ता कधी. ती पहाटे चूल पेटवताना ऐकेल आणि तिथंच उत्तर सोडेल. लिहिता न येणाऱ्या बाईलाही बैठकीत पुरतं बोलता येतं, ही या यंत्रांनी केलेली फार मोठी गोष्ट आहे.

हिशेब सामायिक तक्त्यात ठेवला तर आणखी एक नवल पाहायला मिळतं. गावात कोषाध्यक्ष पाचव्या ओळीत आकडा दुरुस्त करतेय आणि त्याच क्षणी पुण्याहून सचिव वर दोन नव्या ओळी घालतेय. दोघींचं लिखाण एकमेकांवर चढायला हवं, पण तक्ता ओळखतो की वर दोन ओळी आल्या, तेव्हा 'पाचवी' आता सातवी. दुरुस्ती तिकडं नेऊन बसवतो. १९८९ पासून संशोधक या कोड्यावर काम करतात. मला यावरून अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांची पासोडी आठवते. पंचीकरणासारखा अवघड विषय त्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकात एका लांबलचक कापडावर लिहून आणि आकृत्या काढून मांडला. कापड पसरायचं आणि चारजणांनी भोवती बसून एकाच ठिकाणी बोट ठेवायचं. सामायिक फळ्याची ओढ आपल्या मातीत जुनी आहे.

एक गोष्ट मात्र गटात कडक ठरवून घ्यावी. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून फोनचा पडदा कुणाला 'शेअर' करायचा नाही. पडदा दाखवला की आलेला ओटीपीही दिसतो, आणि बायांनी दहा-दहा रुपयांनी जमवलेला पैसा एका मिनिटात जातो.

आता पुन्हा मंगळवारच्या रात्रीकडं. हिशेब वाचून झाला आहे. अध्यक्षबाई विचारतात, 'कुणाला काही सांगायचंय का?' कुणी बोलत नाही. अशा वेळी मोबाइलचं जाळं वीज आणि जागा वाचवतं, आवाजाच्या चिठ्ठ्या थांबवतं. पण पूर्ण शांतता पसरली तर ऐकणारीला वाटेल फोन कट झाला आणि ती 'हॅलो, हॅलो' करत बसेल. म्हणून तिकडचा फोन अधूनमधून एक छोटीशी चिठ्ठी धाडतो. आजूबाजूची खरखर किती आणि कशी, एवढंच वर्णन त्यात असतं. इकडचा फोन त्या वर्णनावरून मंदसा आवाज स्वतः तयार करतो आणि कानात सोडत राहतो. गावातल्या बाईला वाटतं फडावर वारा सुटलाय, पाचट सळसळतंय, आणि ती न विचारताच समजून जाते की पलीकडं अजून कुणीतरी बसलेलं आहे.