सातबारावर न दिसणारी जमीन

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात काळ्या वावरात उभं राहिलं, की पायाखाली मनगट जाईल एवढ्या भेगा दिसतात. त्यात तुराटी सोडली तर हातभर खाली उतरते. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. वरचा चुरा भेगांतून खाली जातो, पाऊस पडला की फुगलेली माती वर रेटली जाते. काळी आपली आपणच उलथापालथ करून घेते. तिच्या पोटातल्या ओलीवर रब्बी ज्वारी एकही पाणी न देता हाती येते.

वारसांना द्यायची ती ही ओल धरणारी खोल माती. सातबारावर मात्र क्षेत्र लिहिलेलं असतं, मातीची खोली नाही. चार बोटं माती ओढ्यावाटे गोदावरीत गेली तरी उतारा तसाच राहतो. धुऱ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टाची पायरी चढतात. वाहून गेलेल्या मातीचा दावा कोणी लावत नाही. सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि जिंतूर किंवा गंगाखेडकडच्या डोंगरउतारावर मुरूम उघडा पडायला काही जोरदार पाऊस पुरतात.

उतार तोडणं हाच इथला पहिला इलाज. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठानं (आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) उताराला आडवी पेरणी आणि रुंद वरंबा-सरी ही पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली. रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या ओळी, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस उघडला तर सरीत पाणी मुरतं, झोडपून काढलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि मुळ्या गुदमरत नाहीत. एकाच रचनेनं दोन्ही संकटांची सोय होते, म्हणून ही पद्धत फार मोलाची वाटते.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं जिल्ह्यात उसाचं हिरवेपण आणलं. पण काळीत निचरा मुळातच मंद. मोकाट पाणी देत राहिलं की वावर चिबडतं, खालचे क्षार वर येतात आणि वाफ्यावर पांढरा थर धरतो. चर काढणं, ठिबक, ताग-धैंचा गाडणं, चोपण झाली असेल तर माती तपासून जिप्सम: हे उपाय आहेत, पण थर दिसण्याआधी सुरू केले तर स्वस्त पडतात.

ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं, तसा कडबाही घटला. कडबा नाही तर बैल नाहीत, बैल नाहीत तर शेणखत कुठून येणार? ‘परभणी मोती’सारखं वाण देणाऱ्या जिल्ह्यात ही साखळी तुटावी, याची हळहळ वाटते.

कापसाची वेचणी संपली की अजूनही पऱ्हाटीचे ढीग पेटतात. काही शेतकरी मात्र ट्रॅक्टरचं श्रेडर लावून ती वावरातच बारीक करतात. पहिल्या पावसानंतर तो चुरा काळा पडू लागतो, आणि ढेकूळ फोडलं की आत गांडूळ सापडतं.